करंगळीतली नळी

"अण्णा, काढ ती! बोटातनं काढ म्हणतोय न्हवं! गिऱ्हाईक दारात हुबं हाय आन त्याच्या इंजिनाचं काळीज तुझ्या करंगळीत!"

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजच्या दारात सलीम मिस्त्री ओरडत होता. सलीम ओरडला की पलीकडच्या गल्लीतली लेथ मशीनं घाबरून आपोआप बंद पडतात, असं आम्ही सांगत असू. आत एका जुन्या टायरवर बसगोंडाअण्णा डोळे मिटून बसले होते. डाव्या हाताच्या करंगळीत बुलेटची पिस्टन पिन. म्हणजे इंजिनाच्या पोटात पिस्टनला दांड्याशी जोडणारी बोटभर लांबीची पोलादी नळी. तिनं जन्मभर अंधारात, तेलात राहायचं. अण्णांनी तिला उजेडात आणली होती. उजव्या हातातल्या खिळ्यानं ते तिला टिचकी मारत, ती कानाशी नेत आणि मान हलवत.

"गप की रं जरा," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "आत्ता कुठं बोलाय लागलीया."

"पिन कशानं बोलंल? पिन ती पिन. सगळ्या सारख्याच असत्यात!"

तेव्हा मात्र अण्णांनी डोळे उघडले. "सारख्या? तुझी दोन पोरं सारखी हायत व्हय रं? एक दारातनं शाळंत जातंय, दुसरं खिडकीतनं भाईर येतंय. एकाच भट्टीतलं लोखंड हाय की दोघं. आन म्हणं सारख्या!"

एवढं बोलून अण्णांनी पिन काढायला ओढली आणि ती निघेना. साबण झाला, ग्रीस झालं, खोबरेल झालं. बोट वांग्याच्या रंगाचं झालं. दारातलं गिऱ्हाईक शाहूवाडीकडचं, दांडगं, बहिणीच्या लग्नाला निघालेलं. त्याला सलीम "पावणं, बसा, च्या घ्या" म्हणत होता आणि पावणं च्या घ्यायला तयार नव्हतं. शेवटी आमच्या कार्यक्रमाची वेळ झाली. अण्णा पिनेसकट ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत चढले आणि पावणंही आपल्या पिनेमागोमाग चढलं. पहिल्या रांगेत बसून त्यानं सगळा कार्यक्रम पिनेवर नजर ठेवून ऐकला. अण्णांच्या गिटारचा तुकडा सुरू झाला तसा तो उठून गरजला, "माझी पिन हाय ती!" पब्लिकला वाटलं हे गाण्याचं नाव. अख्ख्या मैदानानं 'माझी पिन'ची फर्माईश करून तो तुकडा पुन्हा वाजवायला लावला.

सकाळी बोटाची सूज उतरली, पिन निघाली, इंजिनात बसली, पावणं लग्नाला वेळेत पोचलं. त्यानंतर ती बुलेट घाटात सुरात वाजायची, हे मात्र माझ्या पदरचं.

सलीमशी अण्णा त्या 'सारख्याच'पायी महिनाभर बोलले नाहीत. हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितलाय की त्यातलं खरं किती ते आता मलाच ठाऊक नाही. लोक अजून हसतात. माझं हसू मात्र टिचकी मारून कानाशी नेण्याच्या जागी येऊन अडकतं.

नव्वद सालच्या मागं-पुढं कोल्हापुरात गल्लीगल्लीत एकेक ऑर्केस्ट्रा होता. आमच्यात मी निवेदक. साधी गोष्ट फुगवून सांगायची हे माझं कामच. अण्णा मला नावानं कधी हाक मारत नसत, "ए माइक" म्हणत. गायिका सुनंदा. सकाळी एका पतपेढीत नोकरी करायची, संध्याकाळी गायची. आणि गिटारवर बसगोंडाअण्णा, ज्यांना पंचक्रोशी नळीअण्णा म्हणायची. मूळचे ते खाली कर्नाटकाच्या अंगाचे. घरात आईला अव्वा, बहिणीला अक्का, आणि राग आला की कानडी.

साधा गिटारवाला डाव्या हातानं तारा पडद्यांवर दाबतो. नळीवाला दाबत नाही. नळी तारांवर नुसती टेकवायची आणि सरकवत न्यायची. मग सूर माणसाच्या गळ्यासारखा वळतो, मुरकतो, हुंदका देतो. आपल्याकडं बहुतेक जण गिटार मांडीवर आडवी ठेवून भरीव लोखंडी कांडीनं हे करतात. अण्णांना ते पसंत नव्हतं. "भाजी चिराय बसल्यागत दिसतंय," म्हणायचे. शिवाय बसलेला माणूस मागच्या रांगेला दिसत नाही. म्हणून ते उभे राहत. पांढरी सफारी, गिटार पोटाशी, करंगळीत पोकळ नळी, बाकीची बोटं मोकळी.

यात एक मोठी अडचण आहे. पडदा वाजवणाऱ्याला सांभाळून घेतो, नळीला कुणी सांभाळत नाही. केसभर अलीकडं थांबली की सूर पडला, केसभर पलीकडं गेली की चढला. अण्णा सांगायचे, "पडदा म्हंजे यष्टीचा थांबा. तुमी तितंच उतरणार. माझी नळी ज्याच्या त्याच्या दाराम्होरं उतरवती. पर दार कुठलं, ते कानाला म्हाईत पायजे."

आणि अण्णांच्या कानाला म्हाईत होतं. सुनंदा की-बोर्डवरनं सूर घ्यायचीच नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी अण्णा नळीनं एक लांब मींड काढायचे आणि ती डोळे मिटून त्या मींडेच्या टोकाला जाऊन उभी राहायची. "की-बोर्ड मला नुसतं गाव दाखवतो," ती म्हणायची, "अण्णा घरात नेऊन बसवतात."

नळी निवडणं हा अण्णांचा धर्म होता. "आदी बोट, मग वजन, मग आवाज," असा त्याचा मंत्र. घट्ट असली तर बोट निळं पडतं. सैल असली तर तिसऱ्या गाण्यात नळी पब्लिकमध्ये. एकदा ती अशी सुटली की समोर बसलेल्या पाहुण्यांच्या सरबताच्या ग्लासात पडली आणि ग्लासातनं बरोबर पंचम वाजला. हलकी नळी तारांवर खुळखुळते, फार जड नळी तारांना खाली घालते. पावसाळ्यात बोट फुगतं म्हणून पावसाळ्याची नळी वेगळी. पत्र्याच्या एका बिस्किटाच्या डब्यात सगळा संसार. नळवाल्याकडची पितळी नळी, फ्रीजच्या पाइपाची तांब्याची, जुन्या घरात वायर भिंतीतनं न्यायला घालत ती चिनीमातीची, आणि सलीमनं नंतर माफीदाखल दिलेल्या लुनापासून ट्रकपर्यंतच्या पिना. पितळ गुळासारखं, पोलाद लिंबासारखं, चिनीमाती सायीसारखी, हे सगळं ते जिभेवर ठेवल्यागत सांगत. कुणी नवी नळी आणली की टिचकी, कान, आणि दोनच निकाल. "बोलती." नाहीतर, "मुकी."

काचेच्या नळीचं तर रामायणच. अण्णांना बाटलीचा गळा हवा होता. जाड काचेचा, आतून सरळ. तसला गळा सगळ्या कोल्हापुरात एकाच बाटलीला सापडला आणि ती निघाली त्यांच्याच घरात. सासऱ्यांनी कुरुंदवाडहून लेकीसाठी काकवी पाठवली होती ती बाटली. गौराक्का, म्हणजे अण्णांची बायको, माहेरची काकवी पाहुण्यांनाही चमच्यानं मोजून वाढणारी. त्या सोमवारी महादेवाला गेल्या तेवढ्यात अण्णांनी सगळी काकवी पिऊन टाकली. मग गळ्याला रॉकेलचा दोरा बांधला, पेटवला, बाटली गार पाण्यात बुडवली. टक्क! गळा हातात. गौराक्का परत आल्या तेव्हा अण्णा काचेची कड दगडावर घासत होते आणि पोट धरून परसाकडं पळायच्या बेतात होते.

"माझ्या बाची काकवी पिलासा!"

"तुझ्या बाची काकवी गेली," अण्णा पळता पळता म्हणाले, "पर तुझ्या बाची बाटली आता गाणार हाय बघ."

आणि गायली. विरहाच्या गाण्याला अण्णा तीच नळी घालत. गौराक्का घरात तिला शिव्या घालायच्या आणि कार्यक्रमाला आल्या की शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायच्या, "आमच्या म्हायारची हाय ती."

पोटापाण्याला अण्णा फौंड्रीत. आधी शिरोलीकडं, मग कागलची पंचतारांकित एमआयडीसी झाली तेव्हा तिथल्या एका कारखान्यात. "मी पंचतारांकितात असतो," असं ते पाहुण्यारावळ्यांत सांगायचे, आणि कर्नाटकातली एक मावशी मरेपर्यंत समजत होती की आपला बसू मोठ्या हॉटेलात आहे. प्रत्यक्षात ते फेटलिंगला होते. ओतलेल्या लोखंडी वस्तूंवरची माती आणि काटे छिन्नी-हातोड्यानं, ग्राइंडरनं झाडायचं काम. तिथला आवाज मी एकदा ऐकलाय. दारात उभं राहून मी अण्णांना हाक मारली ती माझी मलाच ऐकू आली नाही, आणि माझा आवाज कसा आहे हे दसरा चौकाला विचारा.

कामगारांना कानात घालायला बोळे मिळत. अण्णांचे बोळे खिशात. त्यालाही त्यांचं कारण होतं. झाडून झालेला प्रत्येक नग ते हातोडीनं हलकेच ठोकायचे. चांगला नग घंटेसारखा वाजतो. आत तडा असला तर थड्ड असा बसका आवाज येतो. अण्णा ठोकून ठोकून फुटका नग बाजूला काढत, आणि त्यांनी काढलेला फुटका निघायचाच. "कानात बोळं घालून लोखंडाचं गाऱ्हाणं कसं ऐकणार?" ते म्हणायचे. त्याच कानानं दिवसभर लोखंड ऐकायचं आणि संध्याकाळी नळी. त्यांना ते एकच काम वाटायचं. फेटलिंगच्या गोंगाटात आपला कान धार लावल्यागत तयार होतोय, असं ते छाती ठोकून सांगत. आम्हीही माना डोलवायचो. स्टेजवरनं मी ते तिखटमीठ लावून सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो.

कधीतरी अण्णांची तऱ्हा बदलली. टिचकी मारून नळी ते कानाशी नेत नसत, कानशिलावर टेकवत. मी स्टेजवरनं त्यावर विनोद केला. पुढं ती दातात धरू लागले. नळी दातात, खिळ्याची टिचकी, डोळे मिटलेले. "अण्णा सूर चावून बघतात!" असं मी माइकवरनं सांगितलं की लोक लोटपोट. मग गिटारचं लाकूडच हनुवटीला लावून वाजवायचे. आम्हाला वाटलं, कलाकार माणूस, नवं खूळ.

पण नळ्या नापास होऊ लागल्या. पितळ मुकं, पोलाद मुकं, ज्या चिनीमातीवर त्यांचा जीव होता तीही मुकी. अण्णा वजन वाढवत चालले. लुना सुटली, बुलेट सुटली, ट्रकच्या पिनेला आतून कापड लावून ती करंगळीत. करंगळी हळूहळू बाहेर वाकली. सलीमच्या गॅरेजात आता ओरडायचे ते अण्णा. "पयल्यागत लोखंडच येत न्हाय! सगळं भेसळ!" आणि सलीम, ज्याच्या ओरडण्यानं लेथ बंद पडत, तो मान खाली घालून डबे धुंडाळायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "माइक, मी त्याच त्याच पिना पुसून परत दावतोय. गेल्या साली 'बोलती' म्हणालेला, त्याच."

मी म्हटलं, "मूड असतो माणसाचा."

सलीमनं फडकं उचललं आणि पुढची पिन पुसायला घेतली.

मग कारखान्यात ते झालं. एका सकाळी अण्णांनी ट्रॉलीच्या ट्रॉली बाजूला काढली. "सगळी फुटकी." सुपरवायझरनं तेल फासून, वर खडूची पूड मारून एकेक नग तपासला. तडा असता तर पुडीवर तेलाची रेघ उमटली असती. एकावरही उमटली नाही. सुपरवायझर ओरडला, अण्णा त्याच्यावर ओरडले. "रेघ बघू नगोस, आवाज ऐक! थड्ड वाजतंय की!" सुपरवायझरनं ठोकून बघितलं. शेजारच्या कामगारांनी ठोकून बघितलं. नग देवळातल्या घंटेसारखा वाजत होता आणि अण्णा सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत उभे होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांना पॅकिंगला घातलं. आम्हाला अण्णांनी येऊन सांगितलं, "बढती झाली." पेढेही दिले. पेढे मी खाल्ले.

शेवटचा कार्यक्रम कुरुंदवाडला. सासुरवाडी. पहिल्या रांगेत सगळं सासर, मधोमध गौराक्का नव्या इरकल लुगड्यात, त्यांच्या शेजारी काकवीवाले सासरे. संध्याकाळची वेळ, नदीकडनं वारं. अण्णांनी सफारीला कडक इस्त्री केली होती. सासऱ्यांना बाटली ऐकवायची म्हणून करंगळीत काचेची नळी. सगळ्या नळ्या मुक्या झाल्या तरी 'ही बोलंल' असं ते टेम्पोत सारखं म्हणत होते. स्वतःलाच.

विरहाचं गाणं आलं. अण्णांनी मींड काढली. सुंदर निघाली, वळण असं की काळजाला हात. पण ती जिथं जाऊन थांबली तिथं घर नव्हतं. शेजारच्या कुणाच्या तरी ओट्यावर थांबली. सुराच्या वर, पाव बोट. की-बोर्डवाल्यानं दचकून माझ्याकडं बघितलं. मी सुनंदाकडं. ती डोळे मिटून उभी होती. तिनं हात मागं नेऊन की-बोर्डवाल्याला खूण केली. थांब. मग ढोलकीवाल्याला, हळू. आणि ती अण्णांच्या सुरात शिरली. जिथं तेव्हा जगातलं एकही वाद्य लागलेलं नव्हतं तिथं ती जाऊन उभी राहिली आणि अख्खं गाणं तिनं तिथंच म्हटलं. अण्णा जरा सरकले की तीही सरकायची. मी हजारभर कार्यक्रमांत उभा राहिलोय. असली कसरत कुणी करताना बघितली नाही. पब्लिकला काही कळलं नाही. टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागं अण्णा नुसते फुलले होते. "माइक, कशी वाजली?"

मी म्हटलं, "अण्णा, घाटाच्या पायऱ्या नदीतनं वर आल्या ऐकायला."

"सुनंदा, तू सांग. ह्यो तर पोटासाठी बोलतोय."

सुनंदानं त्यांच्या डब्यातनं दोन नळ्या काढल्या. पितळी आणि चिनीमातीची. "अण्णा, पुढच्या कार्यक्रमाला ह्यातली कुठली घेताय? डोळे मिटा बघू."

अण्णांना हा खेळ आवडायचा. त्यांनी लगेच डोळे मिटले, मान कलती केली. सुनंदानं पितळी नळी त्यांच्या कानाशी धरून खिळ्यानं मारली. टिंग. तिकडच्या चहावाल्यानं मान वळवली. अण्णा वाट बघत राहिले. "मार की," ते म्हणाले.

सुनंदानं पितळी नळी मुठीत घेतली. तिनं चिनीमातीची नळी कानाशी नेली. खिळा नुसता हवेत हलवला. नळीला लावलाच नाही.

अण्णांनी जरा वेळ घेतला. मग खुशीत मान हलवली. "हीच. ही बोलती."

 अण्णांनी डोळे उघडले. सुनंदाच्या हातातला खिळा बघितला, तो नळीपासून किती लांब आहे ते बघितलं, मग तिच्या गालावरनं ओघळणारं पाणी बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी एरवी कुठंही शब्द शोधून काढणारा माणूस. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी दोन्ही नळ्या सुनंदाच्या हातनं घेतल्या, पुसल्या, डब्यात ठेवल्या, करंगळीतली काचेची काढून त्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. "चला. सासऱ्यानं पंगत मांडलीया." पंगतीत ते सगळ्यात मोठ्यानं हसत होते, आणि गौराक्का त्यांच्याकडं बघत ताटात भात नुसता चिवडत होत्या.

पुढच्या तालमीला अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सलीम दोनदा जाऊन आला. "बोलतोय, च्या पाजतोय," त्यानं सांगितलं, "पर लोखंडाचं नाव काढत न्हाय."

चार-पाच वर्षं गेली. गल्लीतल्या मांडवांत साउंडच्या भिंती आल्या, ऑर्केस्ट्रे एकेक करून मिटले. आमचा रखडत होता. नवा गिटारवाला आला होता आणि त्याला एका गाण्यापुरती नळी हवी होती. मी म्हटलं, कोल्हापुरात नळीचं एकच घर आहे.

अण्णा उंबऱ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. करंगळी अजून बाहेर वाकलेली. गौराक्कांनी त्यांच्या खांद्याला हात लावून कानाशी मोठ्यानं सांगितलं, "माइक आलाय!" अण्णा हसले, मूठभर शेंगा माझ्या हातात घातल्या. आत देवघरात महादेवापुढं काकवीच्या बाटलीचा तो गळा उभा होता. त्यात उदबत्ती लावलेली.

मी कशाला आलोय ते कळल्यावर गौराक्का गुमान आत गेल्या आणि पत्र्याचा डबा आणून अण्णांपुढं ठेवला. झाकण गंजून बसलं होतं, मीच ते उघडलं. पितळ काळवंडलेलं, पिनांवर तांबेरा. मी एकेक काढून त्यांच्यापुढं फडक्यावर मांडली. लुना, बुलेट, ट्रक, चिनीमाती. मग खिशातनं खिळा काढून त्यांच्या हातात दिला आणि घसा फोडून विचारलं, "अण्णा! ह्यातली कुठली नेऊ?"

अण्णांनी खिळ्याकडं बघितलं. तो शेंगांच्या टरफलांत ठेवला. नळ्यांवरनं एकदा नजर फिरवली, पुढची शेंग घेतली आणि फोडली.

"कुठली बी ने," ते म्हणाले. "सगळ्या सारख्याच हायत."